अंगणांतील खेळास नियम कसे लाभले

पूर्वीं मुलें खो-खो आपापल्या गांवच्या रीतीनें खेळत. परगांवचा गडी आला कीं तंट्यास निमित्त मिळे. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्याचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें. त्याच वर्षीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ सालीं मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ जगास दाखविले. अमरावतीप्रमाणेंच गोंदियाचा भातशेतीचा मुलूखही तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. अशा मुलखांतील गरीब मुलासही खो-खो परवडतो. चेंडू नको, दांडू नको, दोन खांब व मोकळी जागा पुरे. नियम एक झाल्यानें अनोळखी गांवांचीं मुलेंही तंट्याविना खेळूं शकतात. तेव्हां मुलांसाठीं गांवानें प्रथम राखावी ती ही मोकळी जागा.