रसशास्त्रातील ‘द्रावण’ आणि माक्षिकातील तांबे

नागपूरनजीक रामटेक येथे जी टेकडी नागार्जुनाची म्हणून दाखविली जाते, तिचा नागार्जुन रससिद्ध की माध्यमिक तत्त्वज्ञ, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. त्याच्या नावावर चालत आलेल्या ‘रसरत्नाकर’ ग्रंथातील एक कृती मात्र आज नव्याने पाहण्याजोगी झाली आहे. माक्षिकाला मध, एरंडेल, गोमूत्र, तूप व केळीच्या कंदाचा रस यांच्या वारंवार भावना देऊन ते मुशीत तापविल्यास तांब्यासारखे सत्त्व निघते, असे ती सांगते. प्रफुल्लचंद्र राय यांच्या १९०२ व १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासामुळे ती अभ्यासकांस परिचित झाली.

सुवर्णमाक्षिक म्हणजे तांबे, लोह व गंधक यांचे खनिज. शुद्ध स्वरूपात त्यात सुमारे ३४.६ टक्के तांबे असते. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे आढळणारे ताम्रखनिज याच जातीचे होय. (माक्षिकाचे ‘ताप्य’ हे पर्यायनाम तापी नदीवरून आले, परंतु नावावरून खाण शोधणे धोक्याचे!) हे खनिज भट्टीत भाजले की गंधकाचा विषारी धूर निघतो. तो टळावा म्हणून निरुपद्रवी, ‘हरित’ द्रावकांचा शोध चालू आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली कोलीन क्लोराइड, यूरिया व इथिलीन ग्लायकॉल यांसारख्या पदार्थांच्या मिश्रणात गंधकयुक्त ताम्रखनिजे विरघळवून विजेच्या साहाय्याने तांबे वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले.

एकीकडे यूरिया, दुसरीकडे गोमूत्र. तेव्हा हरित द्रावक आपल्याकडे पूर्वीच होता, असे म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्यातच ‘रसरत्नसमुच्चया’त गूळ, गुग्गुळ, गुंजा, तूप, मध व टांकणखार यांचा जो गण सांगितला आहे, त्याचे प्रयोजनच ‘द्रावण’ असे दिलेले आहे. पण येथेच शब्द फसवतो. ‘द्रु’ म्हणजे धावणे, वाहणे. त्याच्या प्रयोजक रूपापासून ‘द्रावण’ सिद्ध होते. त्या ग्रंथातील वचन सहजासहजी न वितळणाऱ्या धातूंविषयी आहे, म्हणजे अर्थ आहे अग्नीने प्रवाही करणे. पाण्यात मीठ विरावे तसे विरघळणे हा ‘द्रावणा’चा अर्थ अर्वाचीन मराठी परिभाषेने पाश्चात्त्य रसायनशास्त्राच्या गरजेपोटी त्यास दिला. आजचा अर्थ मध्ययुगीन पोथीत वाचणे म्हणजे कालविपर्यास होय.

कृतीचा क्रमही हेच दाखवितो. ‘भावना’ म्हणजे चूर्ण द्रवात भिजवून खलणे व सुकविणे. द्रव सुकून जातो, तांबे त्यात उतरत नाही. पुढे मुशीतील उष्णतेने गंधक जळून निघतो. मध, तूप व तेल करपून त्यांचा कोळसा होतो आणि तो धातूशी जखडलेला प्राणवायू ओढून घेतो. टांकणखार असल्यास मळी पातळ होते. हे काम क्षपणाचे आहे, विद्रावणाचे नव्हे. आणि गंधकाचा धूर रामटेकच्या सिद्धालाही चुकला नसता.

रसशास्त्रज्ञांचे खरे श्रेय वेगळे आहे. सोन्यासारख्या चमकणाऱ्या या दगडात सोने नसून तांबे आहे, हे त्यांनी मुशीत पाहून लिहून ठेवले. ‘सुवर्णमाक्षिक’ हे नाव मात्र त्यांनी तसेच राहू दिले.