हाडातले छिद्र आणि बगदादचे हकीम

नळीचे हाड आपल्या घरांत सर्वांच्या ओळखीचे आहे. त्यातला गूदा मिळावा म्हणून दस्तरखानावर मुलांची भांडणे होतात. पण रिकामे झालेले ते हाड कुणी निरखून पाहत नाही. पाहिले तर त्याच्या अंगावर एक बारीक, तिरके छिद्र दिसते. माणसाच्या लांब हाडांनाही ते असते. मराठीत त्याला पोषक रंध्र म्हणतात. याच वाटेने धमनी आत शिरते आणि मज्जेला व हाडाच्या आतल्या भागाला रक्त पुरवते.

अशा विषयावर बोलताना आपल्याकडच्या व्याख्यात्यांना एक मोह होतो. ‘हे सारे आपल्या हकीमांना आधीच ठाऊक होते,’ असे म्हटले की टाळ्या पडतात. खरा इतिहास तसा नाही, पण त्या टाळ्यांपेक्षा तो अधिक मोलाचा आहे.

इसवी सन १२०० ते १२०२ या काळात नाईलचा पूर आटला आणि इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे रस्त्यावर मरून पडली. त्या वेळी बगदादचे हकीम अब्दुल लतीफ (११६२–१२३१) तेथे होते. कैरोजवळच्या मक्स येथे उघड्यावर हाडांचे ढीग पडले आहेत, असे त्यांना कळले. ते तेथे गेले. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे जालिनूस म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहून ठेवले होते आणि हजार वर्षे सगळे तेच शिकवीत आले होते. बगदादींनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या, इतरांकडूनही तपासून घेतल्या. जबडा एकच, कुठे सांधा नाही! जालिनूसचा मान राखूनच त्यांनी लिहिले, की डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा खरी.

पुढच्या पिढीतले इब्न नफीस (मृत्यू १२८८) यांनी तर एका छिद्रालाच आव्हान दिले. हृदयाच्या मधल्या पडद्यात सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे जालिनूसचे मत होते. इब्न नफीस म्हणाले, तेथे छिद्र नाही. रक्त फुप्फुसातून फिरून येते. हे लिखाण जगाला नव्याने कळले ते १९२४ मध्ये, जेव्हा मुहियुद्दीन ततावी या इजिप्शियन डॉक्टरांना बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले.

हाडातल्या वाटांचा शोध मात्र युरोपात पुढे गेला. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये हाडांतल्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले. त्यांतून मज्जेचे तेल पाझरते, असे त्याला वाटले. त्यांत रक्तवाहिन्या असतात हे नंतर स्पष्ट झाले, म्हणजे त्याचीही चूक दुरुस्त झाली. १८३५ मध्ये ओगुस्त बेरार या फ्रेंच शल्यवैद्याने पोषक रंध्राच्या तिरकेपणाचा अर्थ लावला. हाताच्या हाडांत ते कोपराकडे झुकते, पायाच्या हाडांत गुडघ्यापासून दूर जाते. हाडाची दोन्ही टोके सारखी वाढत नाहीत. दंडाचे हाड खांद्याकडे अधिक वाढते, कोपराखालची दोन्ही मनगटाकडे, मांडीचे आणि पायाचे गुडघ्याकडे. रंध्राची वाट बहुधा जास्त वाढणाऱ्या टोकापासून दूर वळते. जणू हाडाने आपल्या बालपणाची नोंद करून ठेवलेली असते.

हे ज्ञान आज उपयोगी पडते. नडगीचे रंध्र वरच्या भागात, मागच्या बाजूला असते. खालच्या भागात हाड मोडले तर वरून येणारा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून तो अस्थिभंग अनेकदा उशिरा जुळतो. शल्यवैद्य रंध्राची जागा सांभाळूनच काम करतात. आपल्या यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनाही हाड हातात घेऊनच हे शिकावे लागते.

मी उर्दू शाळेत शिकवतो. विज्ञानाचा तास पुस्तक मोठ्याने वाचण्यात जातो, हे आपल्या बहुतेक शाळांचे दुखणे आहे. आपली मुले बगदादींचे नाव पाठ करतील, आणि परीक्षेनंतर विसरतील. त्यापेक्षा कसायाकडून एक स्वच्छ नळी आणून वर्गात फिरवावी, छिद्र शोधायला लावावे आणि पुस्तकात काय लिहिले आहे ते मग ताडून पाहावे. बगदादी मक्सला गेले होते ते एवढ्यासाठीच.