प्रतापगडची भेट : शस्त्र आणि सावधता

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली झालेल्या शिवाजीमहाराज व अफजलखान यांच्या भेटीची चर्चा बहुधा शस्त्रांभोवतीच घोटाळते. वस्तुतः शस्त्राविषयी साधनांत एकमत नाही : सभासद वाघनख व बिचवा सांगतो, तर ‘शिवभारता’त परमानंद तलवारीचा उल्लेख करतो. अधिक विचारणीय आहे ती शस्त्रापूर्वीची सावधता. भेटीचे स्थळ गडाखालीच ठरविण्यात आले. जावळीच्या रानात सैन्य दडविले गेले. सभासदाच्या कथनानुसार, खानाजवळ सय्यद बंडा दिसताच महाराज थबकले व त्यास दूर करविले. पुढे खान जखमी होताच सय्यद धावून आला खरा. परंतु मध्ये पडलेल्या त्या अंतरामुळेच जिवा महालास अवसर मिळाला असावा. आत्मरक्षणात हाताआधी डोळा लढतो, तो असा.