राईडला कॅमेरा कोणता न्यावा? एकशे तीस वर्षं जुना प्रश्न

कुठल्याही सायकलिंग ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो: "राईडला न्यायला छोटा डिजिटल कॅमेरा सुचवा." मग दोन तट पडतात. एक म्हणतो, फोन आहे ना, कशाला उगाच ओझं? दुसरा सेन्सरचा आकार, मेगापिक्सेल, झूम असं सगळं मोजायला घेतो. आजच्या एपिसोडमध्ये आपण या भांडणात थोडं मागून शिरणार आहोत, म्हणजे थेट १८८८ पासून. कारण सायकलवाल्याला कॅमेरा कसा हवा, हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याच्या खूप आधीचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधता शोधता कॅमेराच बदलत गेलाय.

(एक खुलासा. आपल्याकडे बाईक म्हटलं की मोटरसायकल. आज बोलणार आहे ते मुख्यतः सायकलबद्दल, पण शेवटाकडे मोटरसायकलही येईल.)

काचेकडून फिल्मकडे

१८८० च्या दशकापर्यंत फोटोग्राफी म्हणजे काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिपाई. फोटो एक काढा नाहीतर दहा, प्रत्येकाला वेगळी काच. आता हे सगळं सायकलवर बांधून कच्च्या रस्त्याने नेण्याची कल्पना करा. हादऱ्यांनी स्क्रू सैल होणार, काच तडकणार. आणि फोटो काढायचा तर उतरा, सोडा, उभारा, काढा, परत बांधा.

१८८८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. आकार आपल्या विटेपेक्षा थोडा लहान, किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरूनच मिळायची. यात बघायची खिडकीसुद्धा नव्हती. वरच्या बाजूला दोन रेषा कोरलेल्या असत, त्यांच्या अंदाजाने नेम धरायचा. फोटो यायचा गोल, अडीच इंच व्यासाचा. १०० फोटो झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवी फिल्म भरून कॅमेरा परत यायचा.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हा कॅमेरा स्पेसिफिकेशनमध्ये मागे होता. मोठ्या काचेच्या प्लेटवर याहून कितीतरी जास्त बारकावे यायचे. पण त्याला तिपाई लागत नव्हती, काच लागत नव्हती, आणि तो हातात धरून काढता येत होता. चित्राचा दर्जा थोडा सोडला आणि कॅमेरा सोबत नेता आला. पुढची एकशे तीस वर्षं हीच देवाणघेवाण चालू आहे.

डिग्रीनंतर दुसऱ्याच दिवशी

या कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेतली दोन पोरांनी. थॉमस ॲलन आणि विल्यम सॅक्टलबेन. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून १८९० मध्ये दोघं पदवीधर झाले आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्ककडे निघाले. तिथून २३ जूनला लिव्हरपूलच्या जहाजावर. आपण कॅम्पस प्लेसमेंटची जॉइनिंग डेट कधी येते म्हणून वाट बघतो, ते जगाला चक्कर मारायला गेले. परत न्यूयॉर्कला पोचले १८९३ च्या जूनमध्ये. सायकलवरचं अंतर १५,०४४ मैल, म्हणजे २४ हजार किलोमीटरच्या वर. यातला सगळ्यात अवघड भाग होता कॉन्स्टँटिनोपल ते पेकिंग, म्हणजे आजचं इस्तंबूल ते बीजिंग. त्यावर त्यांनी १८९४ मध्ये 'अक्रॉस एशिया ऑन अ बायसिकल' हे पुस्तक लिहिलं.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक आकडा येतो: प्रवासात अडीच हजारांवर फोटो काढले. आज राईडवरून आल्यावर आपल्या फोनमध्ये दोनशे फोटो असतात, त्यामुळे हे फार वाटणार नाही. पण १८९१ मध्ये, सायकलवरून, आशियाच्या मधोमध, अडीच हजार! काचेच्या प्लेटांवर हे शक्यच नव्हतं. त्या पुस्तकातून पूर्व तुर्कस्तानातला प्रवास येतो, वाटेत त्यांनी अरारात पर्वतही चढून घेतला. सॅक्टलबेनच्या संग्रहातल्या निगेटिव्ह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. तिथल्या फाउलर म्युझियमने २०१४ मध्ये त्यातल्या आशिया मायनरच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, त्याचं नाव होतं 'राउंड ट्रिप'. फोटो गोल, म्हणून तो शब्दखेळ.

लेंझ परत आला नाही

त्याच काळात तिसरा एक सायकलवाला निघाला होता. फ्रँक लेंझ, पिट्सबर्गचा. पेशाने हिशेबनीस, पण सायकल आणि फोटोग्राफी ही दोन वेडं. हवेच्या टायरची नवी सायकल घेऊन तो १८९२ च्या मे महिन्यात एकटाच निघाला. त्याचे लेख आणि फोटो 'आउटिंग' मासिकात छापून यायचे. अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश करत तो भारतात आला आणि कोलकात्याहून उत्तर भारत पार करत कराचीपर्यंत गेला. तिथून पुढे इराण आणि मग तुर्कस्तान. १८९४ च्या मे महिन्यात, तब्रीझ आणि अर्झुरुमच्या मधल्या रस्त्यावर, तो गायब झाला.

'आउटिंग'ने त्याचा शोध घ्यायला १८९५ मध्ये कोणाला पाठवलं? सॅक्टलबेनला. कारण त्या भागातून सायकल हाकलेला माणूस दुसरा मिळणं अवघड होतं. लेंझचा खून झाला असा निष्कर्ष त्याने काढला. लेंझचा मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही.

पण सॅक्टलबेन अर्झुरुममध्ये असतानाच ३० ऑक्टोबर १८९५ ला तिथे अर्मेनियन लोकांची कत्तल झाली. ऑटोमन साम्राज्यात १८९४ ते १८९६ मध्ये झालेल्या हत्याकांडांच्या मालिकेतली ती एक. १ नोव्हेंबरला सॅक्टलबेन अर्मेनियन स्मशानभूमीत गेला. सोबत दुभाषा, एक शिपाई आणि एक अर्मेनियन फोटोग्राफर. ओळीने ठेवलेली प्रेतं, सामुदायिक दफन, हे सगळं त्याने पाहिलं आणि पत्रात लिहिलं. ते पत्र त्याच महिन्यात लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. त्या दफनाचे फोटोही जगासमोर आले.

मला या गोष्टीत थांबावंसं वाटतं ते एका कारणासाठी. कत्तलीचा फोटो घ्यायला माणूस फोटोग्राफर घेऊन जातो. काहीतरी भयंकर घडलंय हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम जातो. पण त्याच्या चार वर्षं आधी, १८९१ मध्ये, त्याच मुलखात लोक जिवंत होते. बाजार भरत होते, पोरं सायकल बघायला गोळा होत होती. त्याचा फोटो घ्यायला मुद्दाम कोण जाणार? तो घेतला रस्त्याने चाललेल्या सायकलवाल्याने, कारण कॅमेरा हाताशी होता आणि काढायला वेळ लागत नव्हता. काही वर्षांत जे उरणार नव्हतं, ते त्या गोल चित्रांत राहिलं.

राईडला कॅमेरा का न्यायचा, याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं कारण हे आहे. रस्त्यावरच्या साध्या गोष्टी कधी दुर्मिळ होतील, ते आधी कळत नाही.

खिशात शिरण्याची शर्यत

१८९० चं दशक हे सायकलच्या लाटेचं दशक. दोन सारखी चाकं, साखळी, हवेचे टायर, आणि रविवारी शहराबाहेर जाणारा मध्यमवर्ग. कॅमेरा कंपन्यांनी हे गिऱ्हाईक लगेच हेरलं. रॉचेस्टरमध्येच 'सायकल पोको' नावाचे घडीचे कॅमेरे बनू लागले. कोडॅकने 'बायसिकल कोडॅक' अशी जाहिरात केली, सायकलला बांधायच्या चामडी पेट्यांसकट. १८९५ मध्ये आला पॉकेट कोडॅक: किंमत ५ डॉलर, फोटो दीड बाय दोन इंच. फिल्मच्या पाठीला काळा कागद, म्हणजे ती उजेडातही बदलता येई, आणि मागच्या लाल खिडकीतून कितवा फोटो ते दिसे. रस्त्याच्या कडेला बसून फिल्म बदलता येणं ही सायकलवाल्यासाठी केवढी मोठी सोय!

पुढचं भरभर सांगतो. १९१२ चा व्हेस्ट पॉकेट कोडॅक बंडीच्या खिशात मावला आणि पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत गेला. जर्मनीत लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बारनाकला दमा होता, डोंगरात जड कॅमेरा नेणं झेपेना. त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, तोच १९२५ मध्ये लायका म्हणून आला. १९७९ मध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानींनी 'एक्सए' काढला. वरचं झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्स झाकलेली. वेगळं कव्हर नको, लेन्सची टोपी हरवायची भीती नको. या सगळ्यांत एक साम्य दिसतं. प्रत्येक वेळी सुधारणा चित्रापेक्षा खिशातून बाहेर येण्यात आणि परत आत जाण्यात झाली.

डिजिटलची दहा वर्षं

१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला: साधारण ३.६ किलो, ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. तिथून २००० मध्ये कॅननचा डिजिटल इक्सस आला, पत्त्यांच्या कॅटएवढा, दोन मेगापिक्सेलचा. २००२ मध्ये कॅसिओचा एक्झिलिम फक्त ११.३ मिलिमीटर जाड होता.

सायकलवाल्यासाठी महत्त्वाचा म्हणाल तर त्याच वर्षीचा मिनोल्टाचा 'डिमाज एक्स'. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात सुरू केल्यावर लेन्सची नळी बाहेर येते. धूळ, वाळू, पावसाचा थेंब याच नळीच्या फटीतून आत जातो, आणि कॅमेरा पडला तर तीच वाकते. मिनोल्टाने प्रिझम लावून प्रकाश काटकोनात वळवला आणि झूमची यंत्रणा आतल्या आत, उभी बसवली. बाहेर काहीच येत नाही. पुढे २००६ मध्ये ऑलिंपसच्या '७२० एसडब्ल्यू'मध्ये अशीच आतल्या आत घडी घातलेली लेन्स होती, आणि तो तीन मीटर पाण्यात चाले, दीड मीटरवरून पडला तरी टिके.

आणि मग घसरण. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या, म्हणजे सिपाच्या आकड्यांनुसार, २०१० मध्ये लेन्स न बदलता येणारे सुमारे १० कोटी ८६ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये सुमारे १७ लाख. फोनने हा बाजार गिळला. इतिहासाच्या नियमाप्रमाणेच गिळला म्हणा, कारण फोन आधीपासूनच खिशात होता.

पण गंमत बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने एक सूचना प्रसिद्ध केली: आयफोन ताकदवान इंजिनच्या मोटरसायकलच्या हँडलला थेट लावू नका, कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो. कारण फोनमधली लेन्स हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्यासाठी चुंबकांच्या जोरावर तरंगती ठेवलेली असते, आणि सततच्या जोरदार कंपनांपुढे ती हरते. काचेच्या प्लेटा फोडणारे हादरे परत आले, फक्त वेगळ्या दाराने.

मग घ्यायचा कोणता?

इतिहासातून चेकलिस्ट काढायची तर ती अशी. दुकानात कॅमेरा हातात घ्या आणि मेगापिक्सेल विचारायच्या आधी हे करून बघा.

एका हाताने, ग्लव्हज घालून, तो खिशातून काढून चालू करता येतो का? चालू करून पहिला फोटो किती वेळात? बाहेर येणारी नळी आहे का? असेल तर कोकणातली लाल धूळ आणि घाटातला पाऊस तुमच्या राईडमध्ये किती, हे प्रामाणिकपणे ठरवा. पावसाळ्यात जास्त चालवत असाल तर वॉटरप्रूफ, आत घडी घातलेल्या लेन्सचा कॅमेरा. सेन्सर लहान असतो, संध्याकाळी फोटो खरखरीत येतो, ते चालवून घ्या. कोरड्यात आणि पहाटेच्या उजेडात चालवत असाल तर मोठ्या सेन्सरचा, झूम नसलेला, रिको जीआरसारखा. त्यात फोकस आधीच ठराविक अंतरावर बांधून ठेवता येतो, बटण दाबलं की फोटो. पण त्याचीही लेन्स बाहेर येते, त्यामुळे धुळीपासून जपावं लागतं.

ठेवायचा कुठे? जर्सीच्या मधल्या खिशात नको. पाठीवर पडलात तर टणक वस्तू थेट मणक्यावर येते, आणि घामाची वाफ लागते ती वेगळीच. हँडलवरच्या किंवा पुढच्या दांडीवरच्या पिशवीत, खाली फोमचा तुकडा घालून ठेवा. मनगटाची दोरी कायम लावलेली असू द्या. आणि फोटो थांबूनच काढा, एक पाय जमिनीवर टेकवून.

आणि घेतल्यावर नुसते सूर्योदय काढू नका. सूर्योदय उद्याही होणार आहे. चहाची टपरी, रुंदीकरणात जाणारी वडाची झाडं, एसटीची वाट बघणारी शाळेतली मुलं, जुन्या पुलावरचा दगड, हे काढा. तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा. सॅक्टलबेनचे फोटो आज उपयोगी पडतात ते काही फार सुंदर आहेत म्हणून नाही. कुठले आणि कधीचे ते आपल्याला माहीत आहे, म्हणून.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या राईडला काढलेला एक साधा, बिनकामाचा वाटणारा फोटो जपून ठेवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.