मुलाखतीनंतरचा रकाना

अपंग उमेदवारावर मुलाखतीत अन्याय होतो असे म्हटले, की डोळ्यांसमोर लांब टेबल, पलीकडे बसलेले सदस्य आणि त्यांच्यातील कोणाचा तरी अनुचित प्रश्न येतो. तसे प्रसंग घडत नाहीत असे नव्हे. परंतु आपल्या केंद्रीय सेवांचा गेल्या तीन-चार दशकांचा इतिहास चाळला, तर काही निराळेच आढळते. मुलाखत मंडळाने ज्यांना पात्र ठरविले, त्यांनाच पुढे कार्यालयातील एखाद्या तक्त्याने बाद केलेले दिसते.

1977 मध्ये केंद्र सरकारने ‘क’ आणि ‘ड’ गटांतील पदांत अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या. वरच्या गटांचा विचार तेव्हा झाला नाही. पुढे 1986 मध्ये ‘अ’ आणि ‘ब’ गटांतीलही 416 प्रकारची पदे अपंगांस योग्य असल्याचे मान्य झाले. तरी अंध उमेदवारास नागरी सेवा परीक्षेचा पेपर लिहिण्याची सोयच नव्हती. ब्रेल किंवा लेखनिक यांची मुभा मिळण्यास मार्च 1993 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला.

1995 चा कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यात आरक्षण होते, आणि कोणती पदे योग्य आहेत ते शासनाने निश्चित करावे असेही होते. शासनाने भूमिका घेतली, की आधी पदनिश्चिती, मग आरक्षण. पदनिश्चिती करणारे कोण? शासनच. फायलीत आयुष्य घालविलेल्या कोणालाही या युक्तिवादातील सोय लगेच उमगेल. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. अशा दिरंगाईने कायद्याचा हेतूच विफल होईल, असे न्यायालयाचे मत पडले.

पदनिश्चितीच्या या तक्त्यात प्रत्येक सेवेपुढे शारीरिक क्षमता नोंदविलेल्या असत: बसणे, उभे राहणे, चालणे, पाहणे, वाकणे, ओढणे-ढकलणे, उचलणे. इरा सिंघल यांनी 2010 ची परीक्षा दिली, मुलाखतीतही त्या उत्तीर्ण झाल्या आणि भारतीय महसूल सेवेसाठी त्यांची निवड झाली. त्यांना पाठीच्या कण्याचा विकार आहे. ओढणे, ढकलणे व उचलणे जमणार नाही, या कारणाने त्यांना नियुक्ती नाकारण्यात आली. करवसुलीच्या अधिकाऱ्याने नेमके काय उचलायचे असते, हे मला अद्याप समजलेले नाही. आमच्याकडे फायलीसुद्धा शिपाईच उचलतो. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान त्या परीक्षा देतच राहिल्या. 2014 च्या परीक्षेचा निकाल जुलै 2015 मध्ये लागला, तेव्हा सर्वसाधारण यादीत त्या देशात पहिल्या होत्या.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. 2015 च्या परीक्षेत त्यांना 773 वा क्रमांक मिळाला आणि भारतीय रेल्वे लेखा सेवा देऊ करण्यात आली. मग पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून तीही नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत त्या 124 व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. हिशेब तपासण्यास ज्यांना अपात्र ठरविले, त्यांच्याकडे महसुली उपविभाग सोपविण्यात कोणासही विसंगती वाटली नाही.

या दोघींची नावे आपणास ठाऊक आहेत, कारण त्या पुन्हा परीक्षेस बसू शकल्या. न्यायिक सेवेत तर मुलाखतीच्या आधीच दार बंद होई. तामिळनाडूत दिवाणी न्यायाधीशपदाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका उमेदवाराचे नाव मुलाखतीच्या यादीत आले नाही. दृष्टिदोष 40 ते 50 टक्के असणाऱ्यांनाच मुभा होती आणि त्याचा 70 टक्के होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा ग्राह्य धरली. त्यापूर्वीच लागू झालेल्या 2016 च्या कायद्यात अपंग व्यक्तीस कामासाठी वाजवी सोयी पुरविण्याचे तत्त्व आले होते. त्याचा विचार झालेला नसल्याने तो निर्णय बंधनकारक मानता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये म्हटले.

मध्य प्रदेशच्या नियमांत मात्र दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारी तरतूद तशीच होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि 3 मार्च 2025 रोजी ती तरतूद रद्द ठरविली.