कायम निवास आणि परदेशी नागरिकत्वाचा स्वीकार

परदेशी नागरिकत्वाचा स्वीकार म्हणजे एखाद्या देशात कायम निवासाचा हक्क मिळालेल्या परकीय व्यक्तीने रीतसर अर्ज करून त्या देशाचे नागरिकत्व घेणे होय. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाहून ते वेगळे असल्यामुळे नागरिकशास्त्रात त्यास 'स्वीकृत नागरिकत्व' असे म्हणतात. अनेक देश आपल्या नागरिकांना एकाच वेळी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व ठेवू देतात. भारत तशी मुभा देत नाही. त्यामुळे परदेशस्थ भारतीयापुढील प्रश्न हक्कांमध्ये भर घालण्याचा नसून एक नागरिकत्व देऊन दुसरे घेण्याचा असतो. महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, विशेषतः मालवण किनाऱ्यावरून परदेशी गेलेल्या कुटुंबांमध्ये या प्रश्नाला गावचे घर, सामायिक जमीन आणि परतण्याची शक्यता हे विषय जोडलेले असतात.

कायम निवास व नागरिकत्व यांतील भेद

कायम निवासी व्यक्तीला त्या देशात मुदतीच्या बंधनाशिवाय राहता येते, नोकरी-व्यवसाय करता येतो आणि बहुतेक सार्वजनिक सेवांचा लाभ घेता येतो. अमेरिकेतील 'ग्रीन कार्ड' हे या दर्जाचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र हा दर्जा सशर्त असतो. दीर्घकाळ देशाबाहेर राहिल्यास तो जाऊ शकतो. कॅनडात पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस प्रत्यक्ष वास्तव्य आवश्यक असते. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कायम निवासाची परवानगी सामान्यतः संपुष्टात येते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास कायम निवासी व्यक्तीला देशाबाहेर काढता येते.

नागरिकाला असा धोका नसतो. त्याला मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क, त्या देशाचे पारपत्र आणि परदेशात असताना त्या देशाच्या वकिलातीचे संरक्षण मिळते. काही देशांत ही सीमारेषा पुसट आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातील नागरिक या नात्याने संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. न्यूझीलंडमध्ये कायम निवासी व्यक्ती एक वर्षाच्या वास्तव्यानंतर मतदार होऊ शकते. आयर्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत परकीय रहिवाशांनाही मतदान करता येते.

भारतीय कायद्यातील तरतुदी

भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागात (अनुच्छेद ५ ते ११) नागरिकत्वाविषयीच्या मूलभूत तरतुदी आहेत. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती संविधानाच्या प्रारंभीच्या तरतुदींनुसार भारतीय नागरिक असणार नाही, असे अनुच्छेद ९ सांगतो. याच तत्त्वाचा विस्तार नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये झाला. त्याच्या कलम ८ मध्ये स्वतःहून नागरिकत्वाचा त्याग करण्याची पद्धत दिली आहे. कलम ९ अन्वये अन्य देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नसते. परदेशी पारपत्र मिळवणे हा अशा स्वीकाराचा निर्णायक पुरावा मानण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने इझहार अहमद खान विरुद्ध भारत सरकार (१९६२) या खटल्यात वैध ठरवला.

नागरिकत्व संपल्यावर भारतीय पारपत्र जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुन्या पारपत्रावर पुढे प्रवास करणे हा पारपत्र अधिनियम, १९६७ खाली गुन्हा आहे. 'दोन्ही पारपत्रे जपून ठेवता येतात' हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

कायम निवासी असलेला भारतीय नागरिक मात्र पूर्णपणे भारतीय नागरिकच राहतो. २०११ पासून अशा व्यक्तीला पारपत्रावरील भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मतदानासाठी तिला प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते.

ओसीआय कार्ड

परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावे, ही मागणी विसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागली. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये आला. त्यानंतर २००३ व २००५ मध्ये नागरिकत्व अधिनियमात दुरुस्त्या होऊन 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' (ओसीआय) ही नोंदणी सुरू झाली. पूर्वीची भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीची 'पीआयओ' कार्डाची योजना २०१५ मध्ये तिच्यात विलीन करण्यात आली.

नावात 'सिटिझन' हा शब्द असला, तरी ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला भारतात कितीही वेळा येण्यासाठी आजीवन व्हिसा मिळतो, कितीही काळ राहिले तरी परकीय नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही आणि बहुतांश आर्थिक व शैक्षणिक बाबतींत परदेशस्थ भारतीयांच्या बरोबरीची वागणूक मिळते. त्याला कोणत्याही निवडणुकीत मत देता येत नाही, लोकप्रतिनिधी होता येत नाही, घटनात्मक पदे भूषवता येत नाहीत आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरीही मिळत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण इत्यादी कामांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. कायद्यात दिलेल्या कारणांवरून केंद्र सरकार ही नोंदणी रद्द करू शकते.

परतीचा मार्ग बंद झालेला नसतो. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जापूर्वी भारतात बारा महिने वास्तव्य असल्यास नोंदणीने पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येते. अर्थात त्या वेळी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

विविध देशांतील अटी

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यावर सामान्यतः पाच वर्षांनी, तर अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्यांना काही अटींवर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. इंग्रजी भाषा व नागरिकशास्त्र यांची परीक्षा होते आणि शेवटी शपथ घ्यावी लागते. नागरिक झालेल्या व्यक्तीला आपल्या आई-वडिलांसाठी वार्षिक संख्यामर्यादेबाहेर कायम निवासाचा अर्ज करता येतो. केवळ ग्रीन कार्ड असणाऱ्याला आई-वडिलांसाठी असा अर्ज करता येत नाही. गावी वृद्ध आई-वडील असलेल्या कुटुंबांत ही तरतूद महत्त्वाची ठरते. जगभरातील उत्पन्नावर अमेरिकेचा कर नागरिक व ग्रीन कार्डधारक या दोघांनाही लागू असल्यामुळे करापुरता फरक मर्यादित राहतो.

कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे वास्तव्य लागते. ऑस्ट्रेलियात सामान्यतः चार वर्षांचे वैध वास्तव्य आणि त्यांतील शेवटचे वर्ष कायम निवासी म्हणून असावे लागते. तेथे नागरिकांना मतदान सक्तीचे आहे. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मान्यता दिली. तथापि अशा सवलतीचा भारतीयांना उपयोग होत नाही, कारण अडसर भारतीय कायद्याचा आहे.

आखाती देशांची स्थिती याच्या उलट आहे. तेथील निवासी परवाना मुख्यतः नोकरीशी बांधलेला असतो आणि सामान्य परकीय कामगाराला नागरिकत्व मिळण्याची वाट जवळजवळ नसतेच. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' दिला, तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यामुळे आखातात गेलेल्या कोकणी माणसापुढे निवडीचा हा प्रश्न सहसा उभा राहत नाही. त्याचे परतणे गृहीतच असते.

सिंधुदुर्गातील संदर्भ

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. येथील स्थलांतराची परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कार्यालयांत नोकरी करणारा व गणेश चतुर्थीला गावी येणारा 'चाकरमानी' हा या परंपरेचा प्रतिनिधी होय. मुंबईला गेलेल्याचे गावाशी असलेले कायदेशीर नाते बदलत नसे. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर मात्र ते बदलते. कोठे बदलते आणि कोठे नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

जमीन व घर

परदेशी नागरिकत्व घेतल्यास वडिलोपार्जित जमीन जाते, हा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. वारसाहक्क नागरिकत्वावर अवलंबून नसतो. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (फेमा) आणि त्याखालील नियमांनुसार परदेशात राहणारा भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक या दोघांनाही वारसाने शेतजमीन मिळू शकते आणि ती धारण करता येते. दोघांनाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. अशी मालमत्ता बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. वडिलांनी हयातीत बक्षीस दिलेली आंब्याची बाग घेता येत नाही, पण त्यांच्या पश्चात वारसाने किंवा मृत्युपत्राने तीच बाग मिळू शकते. गावठाणातील घर किंवा सदनिका विकत घेण्यास अशी बंदी नाही.

म्हणजेच ही बंधने मुळात पारपत्राच्या रंगावर नसून परदेशातील वास्तव्यावर आधारलेली आहेत. खरा फरक परतल्यावर जाणवतो. कायमचा परत आलेला भारतीय नागरिक फेमाच्या या बंधनातून मुक्त होतो. त्यानंतर त्याला महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ चे कलम ६३ लागू राहते, ज्यानुसार शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकता येते. ओसीआय कार्डधारकाला मिळणाऱ्या सवलतींतून शेतजमिनीची खरेदी स्पष्टपणे वगळलेली आहे. निवृत्तीनंतर गावी येऊन आंबा-काजूची नवी लागवड करण्याचा ज्यांचा मानस असतो, त्यांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरू शकतो.

व्यवहारात अडचण बहुधा कायद्यापेक्षा कागदपत्रांची असते. कोकणात एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि वारस नोंदी पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेल्या असतात. परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवल्यास ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पारपत्र बदलल्यावर नावातील व स्वाक्षरीतील फरकही अडथळा ठरतो. त्यामुळे परदेशी नागरिकत्वाच्या अर्जापूर्वी वारस नोंद व फेरफार पूर्ण करून घेणे सोयीचे असते.

मूळ घरातील गणपती, कुलदैवताचे कुळाचार आणि गावऱ्हाटीतील मान यांचा पारपत्राशी संबंध नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतचे मत मात्र नागरिकत्वाबरोबर संपते.

गोव्याचा शेजार

सिंधुदुर्गाच्या दक्षिणेस लागून असलेल्या गोव्यात या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाले. गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२ अन्वये तेथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांची मुले-नातवंडे भारतीय नागरिक ठरली; पूर्वीचे नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्यांना एका महिन्यात तसे घोषित करण्याची मुभा होती. पोर्तुगालचा कायदा मात्र त्या काळात गोव्यात जन्मलेल्यांचा व त्यांच्या वंशजांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क आजही मान्य करतो. त्यामुळे अनेक गोमंतकीयांनी पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील पारपत्र घेतले आणि त्या आधारे युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये स्थलांतर केले. ही व्यक्ती कायम निवासाच्या पायरीवर न थांबता थेट परदेशी नागरिक होते आणि तिचे भारतीय नागरिकत्व जाते. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल गाव गोव्यात मोडते. तेथील कुटुंबाला जो पर्याय मिळू शकतो, तो लगतच्या सिंधुदुर्गातील कुटुंबाला नाही.

पुढील पिढी

स्वीकृत नागरिकत्वाचा परिणाम मुलांवर अधिक होतो. अमेरिकेत कायम निवासी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच अमेरिकी नागरिक असते. आई-वडील भारतीय असले तरी ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व भारतीय वकिलातीतील नोंदणीवर अवलंबून असते आणि त्या मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नसल्याचे घोषित करावे लागते. परिणामी एकाच घरात आई-वडील भारतीय नागरिक आणि मुले परदेशी नागरिक, अशी स्थिती सामान्यपणे आढळते. भारतीय नागरिक असलेल्या पूर्वजाच्या पणतवंडांपर्यंत ओसीआय नोंदणी मिळू शकते. सर्वसाधारण नियमानुसार त्यापुढील पिढीला हा दुवा राहत नाही.

मालवण तालुक्यातील वराड हे गाव या संदर्भात परिचित आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर (कार्यकाळ २०१७–२०२० व २०२२–२०२४) यांच्या वडिलांचे हे मूळ गाव. वराडकर यांचा जन्म १९७९ मध्ये डब्लिन येथे झाला. डिसेंबर २०१९ मध्ये पदावर असताना त्यांनी कुटुंबीयांसह वराडला भेट दिली. देशाचे सर्वोच्च कार्यकारी पद भूषवण्यासाठी त्या देशाचे पूर्ण नागरिकत्व लागते आणि गावाशी नाते तरीही टिकू शकते, या दोन्ही गोष्टी या उदाहरणातून दिसतात.

आकडेवारी

परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०११ मध्ये १,२२,८१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. कोविड साथीच्या २०२० या वर्षी ही संख्या ८५,२५६ पर्यंत उतरली. २०२२ मध्ये ती २,२५,६२०, तर २०२३ मध्ये २,१६,२१९ होती.

निर्णयामागील विचार

नागरिकत्व घेण्याच्या बाजूने स्थैर्य, मताधिकार, प्रवासाची सोय आणि कुटुंबीयांना आणण्याचा हक्क या गोष्टी येतात. कायम निवासीच राहण्याच्या बाजूने भारतातील मत, परतल्यावर शेतजमीन घेण्याची मोकळीक, सरकारी सेवेची पात्रता आणि जन्मभूमीशी असलेले भावनिक नाते यांचा विचार होतो. पहिल्या बाजूचे लाभ त्वरित मिळतात. दुसऱ्या बाजूचे मोल व्यक्ती खरोखरच परतणार असेल तरच प्रत्ययास येते. त्यामुळे या निर्णयातील कळीचा मुद्दा कायद्याचा नसून 'परत येणार का?' हा ठरतो. त्याचे उत्तर बहुधा पहिल्या पिढीने द्यायचे असते आणि त्याचे परिणाम पुढच्या पिढीच्या वाट्याला येतात.

हेही पहा

भारतीय नागरिकत्व
परदेशस्थ भारतीय
सिंधुदुर्ग जिल्हा
गोवा मुक्तिसंग्राम