सरकार, झाड आणि वक्रोक्ती

वक्रोक्ती ही कवींच्या सभेतच शोधावयाची, अशी आपणां शिक्षितांची समजूत असते. वस्तुतः नवव्या शतकातील रुद्रटाने तिचे श्लेष आणि काकू असे जे दोन प्रकार सांगितले, ते चावडीवर नित्य ऐकू येतात. बोलणाराचा शब्द ऐकणाराने बुद्ध्याच निराळ्या अर्थाने घेणे, ही वक्रोक्ती. पहिल्या प्रकारात ती शब्दाच्या द्व्यर्थामुळे साधते, दुसऱ्यात केवळ स्वरामुळे.

गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. त्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव आहे. तेथील घोषणा सर्वश्रुत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ‘सरकार’ हा फारसी शब्द मराठीत राज्यसंस्थेचा वाचक झाला, तशीच धन्याला मारावयाची नम्र हाकही झाला. घोषणेचा पूर्वार्ध पहिला अर्थ आदराने मान्य करतो. उत्तरार्ध ‘च’ या एका अक्षराने धनीपण स्वतःकडे घेतो. ज्यास हा श्लेष कळत नाही, त्यास येथे बंड दिसेल. जो यास नुसता विनोद समजेल, त्याच्या हातून यातील हक्क निसटेल.

दुसऱ्या एका शब्दाची कथा याहून वक्र आहे. 1927 च्या वन कायद्याने ‘झाड’ या शब्दात बांबूलाही गोवले. वनस्पतिशास्त्र मात्र त्यास गवताच्या कुळात बसविते. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू ‘गौण वनोपज’ ठरला. ज्यावर कित्येकांचे घर चालते त्यास गौण म्हणावयाचे, ही वक्रोक्ती कायद्याने अजाणताच केली! 2009 मध्ये मेंढ्यास सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना या शब्दांच्या घोळात अडकला होता. तो देण्याचा अधिकार ग्रामसभेस एप्रिल 2011 मध्ये लाभला, आणि ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू 2017 साली वगळला गेला.

तात्पर्य, द्व्यर्थ ओळखण्यास कोश पुरत नाही. कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे आधी पाहावे. एखादा मनुष्य हात जोडून ‘होय सरकार’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातांकडे पाहून समाधान मानू नये. त्याच्या स्वराकडे कान द्यावा.